३१ मे नाही सर, १५ जून सांभाळा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चोपडा तालुक्यात झेडपी शाळेवर मुख्याध्यापक, ३३ वर्षं सर्विस, येत्या ३१ मेला रिटायर, मिसेस घरीच असतात, मुलगा चिंचवडला आणि तो म्हणतो सगळं विका नि इकडे या. मग पेन्शन किती विकायची (म्हणजे महिन्याच्या पेन्शनचा किती भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे), हातात येईल तो पैसा कुठे ठेवायचा, पुण्याला जायचं का, आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलंय, "रिकामा बसलो तर डोकं फिरेल असं वाटतं." मी पंचायत समितीत शिक्षण विभागाच्या टेबलावर २६ वर्षं पेन्शनच्याच केसेस केल्या, आणि स्वतः रिटायर होऊन सहा वर्षं झाली, म्हणजे टेबलाच्या अलीकडून पण बघितलं आणि पलीकडून पण. तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, कारण बाकीच्या तिन्ही ठिकाणी माणूस चुकतो तो त्या ओळीमुळेच.

तुमची जन्मतारीख १ जून असणार, बरोबर ना? आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांना मास्तरांनीच १ जूनला जन्माला घातलंय, शाळेत नाव टाकायला आजोबा घेऊन जायचे, त्यांना तारीख कुठून माहीत असणार. आणि एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर व्हायचं असा नियम, म्हणून दरवर्षी ३१ मेला आपल्याकडे निरोप समारंभांची लाईन लागते, ४५ डिग्रीत मंडप, एक कूलर तो पण पाहुण्यांकडे तोंड करून, शाल, नारळ, आणि मग वांग्याचं भरीत नाहीतर शेवभाजी. त्या दिवशी कोणी रडत नाही हो फारसं. दुसऱ्या दिवशी पण काही वाटत नाही. कारण शिक्षकाला मे महिना सुट्टीचाच असतो! तो नेहमीसारखा घरी असतो, आंबे खातो, पोरीबाळी आलेल्या असतात, लग्नं असतात. डोकं म्हणतं सुट्टी चालू आहे.

मग येतो १५ जून. शाळा उघडते. सकाळी समोरच्या घरातून पोरगं दप्तर घेऊन निघतं आणि सर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलेले असतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की विचारू नका. जूनच्या शेवटी, जुलैत असे सर आमच्या ऑफिसला यायचे. काम काही नसायचं. "सहज आलो होतो, म्हटलं केस कुठवर आली बघावं." केस मंजूर होऊन पेन्शन चालू झालेली असायची, त्यांनाही माहीत, मलाही माहीत. बाकड्यावर तासभर बसायचे, चहा घ्यायचे, कोणी "नमस्कार सर" म्हटलं की चेहरा उजळायचा. तेव्हा मला वाटायचं काय हे, घरी आरामात बसायचं सोडून. आपल्यावर आलं तेव्हा कळलं.

म्हणून माझं म्हणणं एकच, तयारी ३१ मेची करू नका, ती सरकार करून घेतंच. तयारी १५ जूनची करा. त्या दिवशी सकाळी साडेदहाला तुम्ही कुठे असणार हे आज, वर्षभर आधी, ठरलेलं पाहिजे. आणि "वाचन करेन, फिरायला जाईन, देवधर्म करेन" हे ठरवणं नाही. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी सातनंतर फिरता येतं का? आणि वाचन दिवसाचे दोन तास खाईल, उरलेल्या दहा तासांचं काय. असं काहीतरी पाहिजे जिथे तुम्ही गेला नाहीत तर दुसऱ्या कोणाचं तरी अडेल, निदान फोन तरी येईल की काय हो सर, आज आले नाहीत.

माझ्या ओळखीत धुळ्याचे एक शिक्षक आहेत, त्यांनी रिटायरमेंटच्या दोन वर्षं आधी मोडी लिपी शिकायला घेतली. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे जुने कागद पाहून त्यांना नाद लागला. लोक हसायचे, म्हणायचे या वयात बाराखडी. पुढे २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं आणि मोडी वाचणारा माणूस शोधून मिळेना, तेव्हा यांच्या ओट्यावर लोकांच्या रांगा. आता पण जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं घेऊन लोक येतात. पैसे थोडे मिळतात, पण माणूस दहा वर्षांनी तरुण दिसतो. तुम्ही मोडीच शिका असं नाही. पण ते दोन वर्षं आधी सुरू केलेलं होतं हे लक्षात घ्या. नंतर शोधू म्हणणाऱ्यांना मी शोधतानाच बघतोय.

माझं सांगतो. मला वाटलं होतं मी ऑफिसचा माणूस, मला काय सुट्टीची सवय नाही म्हणजे उलट मजा येईल. पहिल्या महिन्यात मी घरात आवक-जावक रजिस्टर सुरू केलं. खोटं नाही सांगत. गॅस सिलेंडर कधी लागला, दूध किती, विजेचं बिल, किराणा, पाहुण्यांनी आणलेलं आणि आपण दिलेलं. बायको आठ दिवस गप्प होती, नवव्या दिवशी म्हणाली, "माझं सर्विस बुक तपासायचं बंद करा." तिचं पण बरोबर होतं हो. अकरा ते पाच ते घर तीस वर्षं तिचं होतं, दुपारी भांडी आवरली की तिची झोप, मग शेजारच्या दोघीजणी, बुधवारी भिशी, आणि हा माणूस अचानक मध्ये येऊन बसला नि दर दोन तासांनी चहा. रिटायर एकटा माणूस होत नाही, ती पण होते, तिला निरोप समारंभ तेवढा नसतो. आणि बाई शिक्षिका असतील तर वेगळीच तऱ्हा, शाळा सुटते पण स्वयंपाकघर सुटत नाही, उलट "आता तर घरीच असतेस" म्हणून सगळे पाहुणे तिच्याकडे. तेव्हा मिसेसशी आत्ताच बसून बोला, दुपारचे दोन तास घर त्यांचं, तेव्हा तुम्ही बाहेर. आमच्याकडे हे ठरलं तेव्हापासून भांडण नाही, म्हणजे कमी आहे.

आणि जुन्या शाळेत पहिले सहा महिने जाऊ नका, बोलावलं तरी झेंडावंदनापुरतं जा. मी ही चूक केली. ऑफिसला जाऊन नवीन पोराला सांगायला लागलो की ही नस्ती अशी नाही तशी लावतात. तो बिचारा शालार्थवर, म्हणजे पगाराच्या ऑनलाईन सिस्टीमवर, काम करून राहिला होता, मला त्यातलं अर्धंच येत होतं, तो मान देऊन "हो काका" म्हणत होता आणि शिपाई मागे हसत होता. परत गेलो नाही.

आता कागद. हे माझं टेबल आहे त्यामुळे इथे जास्त बोलेन.

सगळ्यात आधी सेवापुस्तक स्वतः डोळ्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. बदली झाली त्या वर्षांची सेवा पडताळणीची नोंद आहे का, कारण एका शाळेतून कार्यमुक्त आणि दुसऱ्या शाळेत हजर या मधले दोन-चार दिवसच गायब असतात आणि ते तीस वर्षांनी नडतात. पाचवा, सहावा, सातवा असे तीन वेतन आयोग तुमच्या नोकरीत आले, १९९६, २००६, २०१६, तिन्ही वेळच्या वेतननिश्चितीची पडताळणी झालेली आहे का बघा. १२ वर्षांची वरिष्ठ श्रेणी आणि २४ ची निवड श्रेणी, दोन्हीचे आदेश लावलेले आहेत का. इथेच सगळ्यात जास्त घोळ निघतो, कुठेतरी एक वेतनवाढ जास्त लागलेली असते आणि शेवटच्या महिन्यात दोन-तीन लाखांची वसुली ग्रॅच्युइटीतून काढतात. सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे की वर्ग ३ आणि ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, आणि निवृत्तीला एक वर्ष राहिलेल्यांकडून, अशी वसुली करू नये. पण वेतननिश्चितीच्या वेळी "जास्त दिलं गेलं तर परत करीन" असं वचनपत्र आपण सगळ्यांनीच सही करून दिलेलं असतं, आणि ते ऑफिसवाले पुढे करतात. म्हणून भांडण करायची वेळ येऊ देऊ नका, वर्षभर आधी दुरुस्त करून घ्या.

मुख्याध्यापक आहात म्हणून एक जास्तीचं. चार्ज. डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, २० बाकं आणि वर्गात १४, हा प्रकार प्रत्येक शाळेत आहे. पोषण आहाराचा तांदूळ रजिस्टरला एक आणि कोठीत एक. मोडकळीस आलेलं सामान रीतसर निर्लेखित करून घ्या, तांदळाचा हिशोब दिवाळीपर्यंत जुळवा. ना-देय दाखला अडतो तो इथे, चौकशीबिवकशीने नाही. एक सर तर मला माहीत आहेत, त्यांची पाच महिने ग्रॅच्युइटी अडली होती एका हार्मोनियमसाठी. हार्मोनियम शेवटी गावातल्या भजनी मंडळाकडे सापडली, तिथे ती अकरा वर्षं वाजत होती.

मग मिसेसचं नाव. हे वाचून लगेच उठा आणि बघा. सेवापुस्तकात "मंगलाबाई", आधारला "मंगला", बँकेत "मंगल", आणि जन्मतारीख तिन्हीकडे वेगळी. माहेरचं नाव बदललेलं, त्याचा कागद नाही. तुम्ही आहात तोवर काही अडत नाही. तुम्ही नसाल तेव्हा फॅमिली पेन्शनसाठी ती बाई या टेबलावरून त्या टेबलावर फिरते, आणि मी त्या टेबलावर बसलेलो होतो म्हणून सांगतो, आमचे हात पण बांधलेले असतात. नाव, तारीख, जोडफोटो, पेन्शनचं खातं दोघांच्या नावाने, हे सगळं तुम्ही सहीला हजर असताना. आणि सगळे कागद कुठे ठेवलेत ते त्यांना दाखवून ठेवा, मुलाला नव्हे, त्यांना.

पेन्शन विकायची किती. ४० टक्क्यांपर्यंत विकता येते. शेवटचं मूळ वेतन ८० हजार धरा, मूळ पेन्शन ४० हजार, त्यातले १६ हजार दर महिन्याला १५ वर्षं कापले जातील आणि त्या बदल्यात आज साधारण सोळा लाखांच्या आसपास एकरकमी मिळतील. १५ वर्षांत कापले जातात जवळपास २९ लाख. लोक म्हणतात तोटा. तसं सरळ नाही ते. एक तर महागाई भत्ता पूर्ण ४० हजारांवरच मिळत राहतो, कापून उरलेल्यावर नाही. दुसरं म्हणजे तुमचं मध्येच काही बरंवाईट झालं तर फॅमिली पेन्शनमधून ही कपात होत नाही, ती शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, सुरुवातीची काही वर्षं त्याहून जास्त, ती पूर्ण मिळते. तेव्हा घराचं कर्ज फेडायचंय, पोरीचं लग्न राहिलंय, तर विका. पण आलेले सोळा लाख नुसते कोणाच्या हातात द्यायचे असतील तर विकू नका, महिन्याचे १६ हजार कोणी उसने मागत नाही, एकरकमी सोळा लाख मात्र अख्खं गाव मागतं. आणि शिक्षकांना सुट्ट्या असतात त्यामुळे अर्जित रजा फार साठत नाही, ३०० दिवसांच्या रजेचे पैसे हे दुसऱ्या खात्यातल्या साडूचं ऐकून हिशोबात धरू नका. (नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या तरुण शिक्षकांनी यातलं काही स्वतःला लावू नये, त्यांचं गणित वेगळं.)

आता पैसा येतो. आणि तो आला हे तुमच्या आधी दुसऱ्यांना कळतं. पाहुण्यातला एखादा एनए प्लॉट घेऊन येतो, शालक टिश्यू कल्चर केळीचा हिशोब घेऊन येतो, झाडामागे इतके, हजार झाडं, अठरा महिन्यांत डबल. हिशोब कागदावर खरा असतो हो. रावेर-यावलला केळीवर लोकांनी बंगले बांधले हे पण खरं. पण ज्याने आयुष्यभर फळा पुसला त्याने ५८ व्या वर्षी दुसऱ्याचं वावर हिश्श्याने घेऊन केळी लावायची, आणि ऐन कटतीच्या तोंडावर मे-जूनचं वादळ आलं की एका रात्रीत बाग आडवी. घरचं वावर असेल, अंगाला सवय असेल तर जरूर करा, शेतीसारखा वेळ दुसरं काही घेत नाही, पण फंडाचा पैसा त्यात घालू नका, पेन्शनमधून जेवढं होईल तेवढंच.

पतपेढीचं मी काही नाव घेत नाही. जळगाव जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. माझे स्वतःचे पावणेदोन लाख एका पतपेढीत अडकले, दोन टक्के जास्त व्याजासाठी, आणि मी अकाउंटचा माणूस. एक फरक तेवढा लक्षात ठेवा, बँक असेल, अर्बन असो की जिल्हा बँक, तिथे एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, २०२० पासून, आधी ते १ लाखच होतं. पतसंस्थेला ते नाही. काचेचं ऑफिस आणि चेअरमनचा फोटो बघून ते कळत नाही.

मग ठेवायचे कुठे. पोस्टात नाहीतर बँकेत सीनियर सिटिझन योजना, ३० लाखांपर्यंत, पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी, मी लिहितोय तेव्हा ८.२ टक्के. तुम्ही म्हणाल मी तर ५८ चा, सीनियर ६० ला होतो. बरोबर, पण नोकरीतून रिटायर झालेल्याला ५५ नंतरही चालतं, अट एवढीच की रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत गुंतवायचे आणि तेवढ्याच रकमेपर्यंत, आणि ऑफिसचा दाखला लागतो. हे तीन महिने बरेच जण प्लॉट बघण्यात घालवतात आणि मग दोन वर्षं थांबतात. बाकीचं पोस्टाचं मंथली इन्कम, थोडं हाताशी, झालं. पहिलं एक वर्ष कोणतीच मोठी सही करायची नाही, प्लॉट नाही, दुकान नाही, जामीन तर अजिबात नाही. विचारणाऱ्याला सांगायचं, पैसे पोस्टात अडकवले. अडकवले हाच शब्द वापरायचा, त्याने लोक लवकर उठतात.

आजारपणाचं थोडक्यात. रिटायरमेंटनंतर दवाखान्याचा खर्च आपलाच धरून चाला. मेडिक्लेम काढायचा तर आज काढा, शुगर-बीपी असेल तर ते लपवू नका, जुन्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांची वेटिंग असते, ती नोकरीत असताना सुरू झालेली बरी. ७० नंतर आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, पण मधली बारा वर्षं आहेत ना.

राहिलं पुणं. मुलगा मनापासून म्हणतोय, त्यात शंका नाही. पण तो सकाळी आठला जातो नि रात्री आठला येतो, सूनबाई पण. तुम्ही सातव्या मजल्यावर. इथे चौकात उभं राहिलं की "काय सर, आते काय करी रायनात?" म्हणून दहा जण विचारतात, त्याचा कंटाळा येतो खरा, पण तिथे कोणीच विचारत नाही. चिंचवड-भोसरीला खान्देशातली माणसं खूप आहेत, सुरतला उधना-लिंबायतला तर विचारूच नका, अहिराणी ऐकायला मिळते, आपली खान्देशी देवी कानबाई पण बसवतात, तेव्हा अगदी परका मुलुख नाही. तरी घर विकायची घाई नको. कुलूप लावा, पावसाळ्याचे चार महिने तिथे राहून बघा, नातवाला शाळेत सोडा-आणा, दिवाळीला परत या, हिवाळा इथला, भरिताची वांगी तिथे मिळतात पण ती चव येत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरगी माहेरी येणार ती कुठे येणार, हा प्रश्न मिसेसना विचारा, उत्तर तुम्हाला मिळून जाईल. एसटीने येणं-जाणं तसं स्वस्त आहे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, तुम्हाला मात्र ६५ पर्यंत फुल्ल, तेव्हा काही वर्षं मिसेसच जास्त फिरतील असं धरून चाला.

आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला, दरवर्षी, कुठेही असलात तरी, तो चुकला की पेन्शन थांबते. त्यासाठी फोन करून ओटीपी कोणी मागत नसतं, मागितला तर ठेवून द्या.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा ते एक पंचायत समितीच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसतो, म्हाताऱ्या पेन्शनरांचे अर्ज भरून देतो, आत जात नाही. पहिल्या वर्षी दोघं-तिघं यायचे, आता टपरीवाला नंबर लावतो. मागच्या शुक्रवारी ताप होता म्हणून गेलो नाही तर दुपारपर्यंत चार फोन. तुम्ही अमळनेरला येणार असाल तर सेवापुस्तकाची झेरॉक्स घेऊन या, मूळ नको, आणि मिसेसचं आधार आणि बँक पासबुक दोन्ही. आधी नावच जुळवून बघू.